काजळी घातलेली वेणी

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. पोटच्या पोरानं नाही, सुनेनं नाही, ज्या डॉक्टरणीकडे मला नेलं तिनंही नाही. शेजारच्या मलय बाईला माझी भाषा कळत नव्हती, तिनंच काय ती मान डोलावली. तुम्हाला ठेवायचा तर ठेवा. मी चौथी शिकलेली बाई आहे, पण माझे डोळे धड आहेत, आणि खोटं रचायला लागते तेवढी अक्कल मला नाही. भूतखेत तर आमच्या घरात कोणी मानतच नाही. भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि त्याच्यासमोर मी असल्या गोष्टी बोलणारी नाही.

हे घडलं सिंगापूरला, सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये. माझा मुलगा प्रफुल्ल तिथे संशोधनाच्या नोकरीत आहे. सून प्रियदर्शिनी कॉम्प्युटरवाली. नात अवनी, सात वर्षांची. सकाळी तिघं तीन वाटांनी जायचे, आणि मग दुपारी अवनीची स्कूल बस येईपर्यंत त्या उंचावरच्या घरात मी आणि पंख्याचा आवाज. कामठीत दार उघडं टाकलं की चार बाया येऊन बसतात. इथे दार उघडं टाकलं तर समोरचं दार दिसतं. बंद. मी भाजी निवडताना भाजीशी बोलायला लागले होते. अवनीसाठी थांबले होते, दुसरं काही नाही. ती आल्याबरोबर दप्तर फेकायची आणि तिथल्या पोरांच्या बोलीत म्हणायची, "आजी, हंग्री लाह!" तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

प्रफुल्लला खूळ लागलं थुंकीचं. नळीत थुंकायचं, नळी पोस्टानं पाठवायची, आणि ते लोक सांगतात तुमचे बापजादे कुठले. त्याचा निकाल आला, त्यात थोडं आयर्लंड निघालं. त्यानं जग डोक्यावर घेतलं. मग म्हणे, हे बाबांकडून आलं की तुझ्याकडून, ते बघायला हवं. तू थुंक.

"अर्ध्या तासात काही खाल्लं नाहीस ना?" त्यानं विचारलं.

"नाही. पण थुंकीच येत नाही. तुझ्या मोठ्या काकांचा फोटो आण, लगेच भरते नळी."

सून पोट धरून हसली. असं हसणं त्या घरात नंतर झालं नाही.

माझ्या थुंकीत आयर्लंड त्याच्या दुप्पट निघालं. म्हणजे आलं ते माझ्याकडूनच. मला नवल वाटलं नाही. माझ्या आईच्या आईचे डोळे घारे होते आणि वस्तीत तिला काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं. प्रफुल्ल मात्र दिवसरात्र कॉम्प्युटरला चिकटला. कामठीच्या छावणीतल्या पलटणींची नावं, चर्चमधले बाप्तिस्मे, कोण कुठल्या जहाजानं आला. सापडला शेवटी. जेरेमाया ट्वोमी. शिपाई गडी. त्याचा बाप, बापाचा बाप, त्यांचं गाव, गावचं चर्च, सगळं लिहिलेलं. थुंकीवरून त्या घराण्यातला एक जिवंत माणूसही जुळला, आणि तो इथेच, सिंगापुरात निघाला. डेक्लन ट्वोमी. ईस्ट कोस्टला राहायचा, आमच्या सेम्बावांगच्या गोदीत जहाजं दुरुस्त करायच्या कामावर यायचा.

प्रफुल्लनं मोठा तक्ता छापून भिंतीवर लावला. ट्वोमीच्या डोक्यावर चौकटींची माडी चढलेली. त्याच्या शेजारी जिच्या पोटी पोर झालं तिची एकच चौकट. आत लिहिलं होतं, अज्ञात स्त्री. वर कोणी नाही, बाजूला कोणी नाही.

"हिचं काय?" मी विचारलं.

"तिची नोंद नाही ना आई कुठे. बायकांची, त्यात आपल्या लोकांची, कोण ठेवणार?"

त्यानं मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. माझ्या आजीनं मला सांगितलं होतं आणि बजावलं होतं, हिचं नाव घरात घ्यायचं नाही.

ती माझी खापरपणजी. छावणीत गवत कापायला जायची. तिला तांबड्या केसांच्या दोन पोरी झाल्या. त्या वेळी असली गोरटी पोरं दिसली की छावणीतले साहेब येऊन उचलून न्यायचे आणि लांब डोंगरातल्या अनाथाश्रमात टाकायचे. घरांच्या ओळीतल्या एका बाईचं पोर असंच नेलं. म्हणून ही रोज जवसाच्या तेलात दिव्याची काजळी कालवायची आणि पोरींचे केस काळे करून घट्ट वेणी घालायची. बुटांचा आवाज आला की पोरी धान्याच्या कणगीत, वर झाकण, झाकणावर गोणपाट. एकदा साहेब लोक ओट्यावर बोलत बसले. उठेचनात. बूट गेल्यावर हिनं झाकण काढलं, तेव्हा थोरली गुदमरून गेलेली होती. धाकटी वाचली, ती माझी पणजी. त्यानंतर ही बाई कोणाशी बोलली नाही. फक्त वेणी घालत राहिली.

तक्ता लागला त्याच रविवारी प्रफुल्लनं अवनीला गच्चीत उन्हात उभं करून फोटो काढला. ऊन पडलं की पोरीचे केस तांबूस दिसतात. सून म्हणायची, स्विमिंगच्या पाण्यानं झालंय. प्रफुल्लनं फोटो त्या डेक्लनला पाठवला, सगळ्या नातेवाइकांना पाठवला, खाली लिहिलं, आमची आयरिश पोरगी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अवनीची उशी काळी होती.

केस तेलानं थबथबलेले, वेणी इतकी घट्ट की पोरीचे डोळे ताणलेले. सून माझ्याकडे आली. "आई, शाळेच्या दिवशी तेल नका ना लावू. आणि हे काळं काय आहे?"

"मी नाही लावलं."

"मग कोणी लावलं?"

मी वास घेतला. जवस. लहानपणी आजीच्या घरी यायचा तोच कडवट वास. माझ्या कपाटात खोबरेलाची बाटली होती, घरात दुसरं तेल नव्हतं. आणि काजळी कुठून येणार? त्या घरात काडी ओढायची वेळ येत नाही, शेगडी बटणावर पेटते. मी वेणी सोडवायला घेतली. शेवटी गाठ होती ती मला सुटेना. साठीला आले, आयुष्यभर पोरींच्या वेण्या घातल्या, पण तसली गाठ मी बघितली नव्हती. कात्रीनं कापावी लागली.

मग ते रोजचंच झालं. शाळेतून फोन आला. सून माझ्या खोलीचे कप्पे बघायला लागली, मी दिसले की उशीचे अभ्रे मोजल्यासारखं करायची. मी म्हटलं, "बघ बाई, माझं गाठोडंही सोडून बघ." तिला लाज वाटली. पण तिनं बघितलं.

मी डोळ्यांनी पाहिलं ते भर दुपारी. बाहेर लखलखीत ऊन होतं, खाली कोणीतरी झाडणी मारत होतं. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. अवनी हॉलमध्ये फरशीवर बसून चित्र रंगवत होती. तो वास आला. मग फणीचा आवाज… केसांतून सावकाश ओढलेल्या फणीचा. मी दारात आले.

पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मान मागे ताणलेली, वेणी घालताना ओढल्यावर ताणते तशी. तिच्यामागे कोणी नव्हतं. केसांचे तीन पेड मात्र हवेत उभे होते… आणि एकावर एक पडत होते. डावा, उजवा, डावा. घाई नाही. जिला दुसरं काहीच काम नाही तिच्या हातानं पडावेत तसे.

"अवनी…" मी हाक मारली.

तिनं तोंडावर बोट ठेवलं. "श्श, आजी. नॉट डन येट."

रात्री जेवताना मी सगळं सांगितलं. प्रफुल्लनं घास खाली ठेवला. "आई, तुला इथे फार एकटं वाटतं का?"

"वाटतं. त्यानं वेणी पडते का?"

"आई, आपण असलं मानत नाही."

"मीही मानत नाही. म्हणून तर सांगतेय. तो तक्ता काढ. पोरीचे केस दाखवत फिरू नकोस. तिला भीती वाटतेय."

"कोणाला? अवनीला?"

"जिची तू चौकट रिकामी ठेवलीस तिला."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरणीकडे नेलं. तिनं मला आजची तारीख विचारली आणि घड्याळ काढायला लावलं. मी घड्याळ काढलं, आणि तिच्याच भिंतीवरचं मागे पडलंय तेही सांगितलं.

शनिवारी डेक्लन यायचा होता. मी भजी तळायला घेतली होती. पाहुण्यावर माझा राग नव्हता, त्याचा काय दोष? अवनी हॉलमध्ये नवीन फ्रॉक घालून बसलेली मी बघितली होती. एवढ्यात बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये बूट वाजले. गोदीतून तसाच आला होता तो, लोखंडी टोकाचे बूट घालून. खाड… खाड… खाड. लिफ्टपासून आमच्या दारापर्यंत.

प्रफुल्लनं दार उघडलं. उंच, लालबुंद, हसरा माणूस. बूट काढून आत आला, आमच्या पद्धतीनं हात जोडले, आणि पहिलंच विचारलं की फोटोतली मुलगी कुठे आहे.

मुलगी नव्हती.

हाका मारल्या. सगळ्यांना वाटलं, लाजून लपली. पलंगाखाली बघितलं, कपाटं बघितली. घर ते केवढं! डेक्लन सोफ्यावर बसला, हसत होता, मग हसायचा थांबला. सून रडायला लागली. मला जवसाचा वास आला आणि माझे पाय आपोआप तिकडे वळले.

तिथल्या घरांत एक जाड भिंतींची खोली असते, लोखंडी दाराची. बाँब शेल्टर म्हणतात. सगळे तिच्यात अडगळ आणि तांदूळ ठेवतात. तिचा दांडा मला दोन्ही हातांनी ओढावा लागतो, अवनीला तर तो हलतही नाही. मी ओढला. आत तांदळाचं निळं पिंप होतं. झाकण लावलेलं. झाकणावर घडी घालून गोणपाट ठेवलेलं.

मी झाकण उपटलं. पोरगी गुडघ्यात डोकं घालून तांदळात बसली होती. केस काळेभोर, तेल मानेवरून ओघळत होतं. ओठ निळे. तोंडावर बोट.

प्रफुल्लनं तिला उचललं, गालावर चापट्या मारल्या, तेव्हा कुठे तिनं मोठा श्वास घेतला. "कोणी ठेवलं तुला इथे? कोणी?"

"आजीनं," ती म्हणाली. "आजी सेड हाइड."

सगळे माझ्याकडे वळले. माझे हात कोपरापर्यंत बेसनानं पिवळे होते. काळा ठिपका नव्हता त्यांच्यावर. पण हाताकडे कोणी बघितलंच नाही, सगळे तोंडाकडे बघत होते.

माझं गावचं तिकीट काढलं गेलं. प्रफुल्ल माझ्या पायाशी बसून रडला. "आई, तू मुद्दाम नाही केलंस हे मला माहीत आहे. तुझं मन थकलंय. थोडे दिवस मावशीकडे राहा." सून पोरीला माझ्यापाशी एकटी सोडेना. ते दिवस मी कसे काढले ते विचारू नका. पोरगी दाराच्या फटीतून बघायची आणि तिला ओढून न्यायचे.

निघताना मी एवढंच म्हटलं, "तो माणूस परत येऊ देऊ नकोस."

"आज संध्याकाळी येतोय आई. जेरेमायाचा जुना फोटो सापडलाय त्याला, तो द्यायला."

"मग त्या शेल्टरला कुलूप घाल. माझ्यासमोर घाल."

माझं मन राखायला त्यानं दांड्याला साखळी गुंडाळली, कुलूप घातलं आणि किल्ली पँटच्या खिशात टाकली. सून अवनीला जवळ घेऊन बसली होती. विमानतळावर त्यानं मला आत पाठवलं आणि काचेपलीकडून हात हलवला. मी हलवला नाही.

पासपोर्ट तपासून झाला. आता मागे जायची वाट नव्हती. गेटजवळ काचेपाशी बसले. बाहेर दिवे लागत होते, विमानं सरकत होती, आणि एवढ्या माणसांत मला ओळखणारं एकही नव्हतं. डोकं खाजलं म्हणून हात मागे नेला. मी सकाळी साधा अंबाडा घातला होता. हाताला वेणी लागली. घट्ट. शेवटी ती गाठ…

फोन वाजला.

"आई…" प्रफुल्ल. दम लागलेला. "आई, मी आत्ता घरी पोचलो. डेक्लन माझ्याबरोबरच लिफ्टमधून वर आला. बूट वाजले, आणि प्रियदर्शिनीच्या मांडीवरून… तिला कळलंच नाही ग…"

"पोरगी कुठंय?"

"सापडली. पिंपात. आई, कुलूप लावलेलं होतं. किल्ली माझ्या खिशात होती. साखळी तशीच होती."

"श्वास घेतेय का ते सांग."

"घेतेय. आई, मला माफ कर. तू तर तिथे आहेस…"

"रडणं नंतर. तिला फोन दे."

मग अवनी बोलली. ती माझ्याशी कधी पुरतं एक वाक्य मराठीत बोलली नव्हती. आता बोलली ती कामठीची बोली, माझ्या आजीच्या तोंडची.

"आजी, तू नव्हतीस ना व. दुसरी आजी होती. म्हणे, बूट गेले की काढतो तुले."

"तू रडलीस का बाळा?"

"नाही. आत एक ताई बी हाये. थे झोपली हाये. म्या हालवलं, उठतच नाई थे."

गेटवर माझ्या विमानाचं नाव पुकारत होते. पलीकडे प्रफुल्ल ओरडत होता, कोण दुसरी आजी, नाव काय तिचं, विचार, आई, तिला नाव विचार! खापरपणजीचं नाव मी जन्मात कोणाजवळ उच्चारलं नव्हतं. नवऱ्याजवळ नाही, पोराजवळ नाही.

मी विचारलं, "अवनी, तुला कोणी ठेवलं तिथे?"

पोरीनं आवाज खाली आणला, कोणी ऐकेल म्हणून आणतात तसा.

"राहीनं."