दरीवरचा झोत

कंट्रोल रूमचा पंखा बंद पडला म्हणून मी गेलो होतो. सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन. मी तिथला वायरमन.

आमच्या उपग्रहाला सपाट अँटेना आहे. जुन्या थाळीसारखी ती वळत नाही, जागच्या जागी रेडिओलहरींचा झोत फिरवते. खाली ज्याचं यंत्र हाक मारेल त्याच्यामागे झोत जातो. मला कळतं ते एवढंच.

माझा धाकटा भाऊ वरच्या दरीत हवामान चौकीवर होता. दरड कोसळून अकरा दिवस झाले होते, तेव्हापासून त्याचा पत्ता नव्हता. त्याच्याजवळ तसलं यंत्र होतं, म्हणून उपग्रह सांभाळणाऱ्या मॅडमनी एक झोत दरीवर धरून ठेवला होता.

मी शिडीवर चढलो तशा मॅडम म्हणाल्या, "दादा, आज तो झोत काढावा लागणार. पुरात माणसं अडकलीत, तिकडे हवाय."

"काढा की! तुमचा भाऊ असता तर काढला असता?" मी पक्कड आपटली.

"ओरडून उपग्रह ऐकतो का, दादा?"

तेवढ्यात पडद्यावरच्या नकाशात त्या झोताची जागा दाखवणारा हिरवा ठिपका हलला. त्याला कुणी हात लावला नव्हता. तो दरीतून खाली निघाला, रस्त्यारस्त्यानं, माणसाच्या चालीनं.

"यंत्र बोलतंय..." मॅडम उठल्याच. "दादा, तो चालतोय!"

मी खाली उतरलो.

मग शोधपथकाच्या मुकादमाचा फोन आला. "सापडला तुमचा भाऊ. दगडांखाली होता... पहिल्याच दिवशी गेला असणार. यंत्राचा पार चुरा झालाय."

"नीट बघा. दुसराच कुणी असेल."

"माझ्यासमोर आहे, दादा. तुमच्यासारखंच नाक."

ठिपका चालतच होता. पंखा तसाच उघडा पडला होता, तापलेल्या वायरीचा वास येत होता. दोन वाजता ठिपका आमच्या गावावर येऊन थांबला.

"झोत बंद करू का...?" मॅडमनी हळूच विचारलं.

"हात लावाल तर मनगट मोडीन."

मी घरी फोन लावला. आई घरात एकटीच असते. शेजारच्या काकूंनी उचलला.

"आई होय? आत्ताच गेली. दार सताड उघडं टाकून, अनवाणी."

"कुणाबरोबर?"

"एकटीच रे. पण... बोलत बोलत गेली. हसत पण होती. मी हाक मारली, तर वळून बघेना."

"मागं जा तिच्या! पळ!"

"कुठल्या वाटेनं गेली तेच कळेना बाबा."

मी मान वर केली. ठिपका वळून दरीकडे निघाला होता. मॅडम घड्याळ लावून मोजत होत्या. येताना तो तासाला पाच किलोमीटर चालला होता. आता जेमतेम दोन. मध्येच थांबायचा, बराच वेळ थांबायचा, मग निघायचा.

आईचे गुडघे गेलेत. ती तशीच चालते.