सतरा नंबरचे दात

बावीस वर्षं मी उंदीर तोलते आहे. सकाळी साडेआठला पिंजरे, मग काटा, मग वही. प्रयोगशाळेत सगळे मला मावशी म्हणतात, संशोधनाचे प्रमुख साहेबसुद्धा. माझ्या वहीत एक खाडाखोड दाखवा, कान कापून देईन.

यंदाचं औषध म्हणजे एक पेप्टाइड. ते टोचलं की शरीर वाढीचं संप्रेरक सोडतं आणि उंदीर भराभर वाढतात. सोमवारी त्यातला सतरा नंबरचा मेला. वजन तीनशे सहा ग्रॅम. मी त्याला स्टीलच्या उघड्या ट्रेमध्ये घालून फ्रीझरमध्ये ठेवलं. भट्टीत पाठवण्याआधी पुन्हा तोलायचा, आकडा जुळला की सही करायची, असा आमचा नियम.

शुक्रवारी काट्यावर तीनशे एकेचाळीस आले. मी काटा शून्यावर आणला, वजन ठेवून तपासला, पुन्हा तोललं. तीनशे एकेचाळीसच. शेपटीवर गोंदलेला सतरा तोच. अंग लाकडासारखं कडक. पण सोमवारी ट्रेच्या मधोमध मावणारा उंदीर आता कडेला टेकला होता.

"बाई, तुमचं काहीतरी चुकलंय," साहेब म्हणाले.

एका आकड्यापायी मावशीची बाई झाले. तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग फ्रीझरच्या कुलपाची चावी तुमच्याकडेच ठेवा," मी म्हटलं. त्यांनी ठेवली.

पुढच्या सोमवारी कुलूप त्यांनीच काढलं, तोललंही त्यांनीच. तीनशे ब्याऐंशी.

"उंदीर बदललाय तुम्ही."

"चावी तुमच्या खिशात होती, साहेब."

"दुसरी करून घेतली असेल."

बावीस वर्षांनी हा आळ. म्हटलं, आता सोक्षमोक्ष लावायचाच. उंदराचे दात जन्मभर वाढतात. कुरतडून झिजवले नाहीत तर वळून तोंडातच घुसतात.

"हा खरंच वाढला असेल तर दातही वाढले असतील," मी म्हटलं. "ट्रेमध्ये कुरतडायला काय आहे? बघा तुम्हीच."

साहेबांनी चिमट्याने ओठ उचलला. दात आखूड होते. नुकतेच झिजलेले.

"म्हणजे हा कालपर्यंत जिवंत होता, पिंजऱ्यात कुरतडत होता," ते म्हणाले. "कबुली लिहून सही करा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. तशीच ट्रे उचलली, फ्रीझरचं दार पूर्ण उघडलं आणि ट्रे आत ठेवली.

खालच्या फळीवर काळा चुरा पडला होता. दाराच्या कडेचं रबर आतल्या बाजूने वीतभर कुरतडलेलं होतं.

साहेबांनीही ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग त्यांनी दार लोटलं. ते नीट लागेना.

"सही करा," दाराला पाठ लावून ते हळूच म्हणाले.

मी सही केली नाही. पर्स घेऊन निघाले, वळून पाहिलं, तेव्हाही ते तिथेच होते. दोन्ही टाचा जमिनीत रोवून दार दाबून धरत होते.