कौतुकाची साक्ष

"तो टेलिफोन ठेवा खाली. ती बदकं आहेत."

आर्डिस लुंडने दचकून मागे पाहिलं. डेअरीच्या गच्चीवरच्या झडपेतून एका तरुणाचं डोकं वर आलं होतं. रिमझिमत्या पावसाने केस कपाळाला चिकटलेले, आणि ओठांवर हसू… दाबून ठेवलेलं, पण नीट न दाबलेलं.

"उत्तरेकडून येतायत," ती ठसक्यात म्हणाली. "आम्हाला उत्तरेकडेच बघायला सांगितलंय."

"मग कळवा ना. सोळा विमानं, पंख हलवत चाललीत म्हणावं. रशियाने नवीन काढली असतील."

आर्डिसने टेलिफोन खाली ठेवला. कान मात्र पुढची दहा मिनिटं लालच राहिले.

होलेन हे मिनेसोटातलं लहानसं गाव. १९५४ साली तिथल्या कुणालाही या कामाचं नवल वाटत नव्हतं. रशियन विमानं ध्रुवावरून, जमिनीलगत, गुपचूप येतील असं सरकारने सांगितलं होतं. म्हणून डेअरीच्या गच्चीवर लाकडी खोपट उभं राहिलं, आणि गावकरी दोघादोघांनी, दोन-दोन तास, आकाशाकडे डोळे लावून बसू लागले. आर्डिसचा थोरला भाऊ कोरियातल्या युद्धावरून परत आला नव्हता. म्हणून तिने आपलं नाव सगळ्यांच्या आधी दिलं होतं. दर शनिवारी दुपारी दोन ते चार ही तिची पाळी. तिच्या जोडीदार बाईंचा पाय मोडला, आणि त्यांच्या जागी हा रूडी कुबात आला. गावाबाहेरच्या कारखान्यात तो विमानातल्या यंत्रांचे आराखडे काढायचा.

विमान तर कधी आलं नाही. आलंच तर शेतात फवारणी करणारं. पण खोपटात बाक एकच होता, दुर्बीणही एकच. ती एकाकडून दुसऱ्याकडे देताना बोटांना बोटं लागायची, आणि मग दोघंही आकाश अगदी गंभीरपणे न्याहाळू लागायची. खालून तापलेल्या दुधाचा वास वर येई.

"तुम्ही आकाशाकडे बघतच नाही," तिसऱ्या शनिवारी ती म्हणाली.

"बघतो की. मधूनमधून."

"मग बाकीचा वेळ?"

"बाकीचा वेळ… देशाच्या संरक्षणात दुसरीही कामं असतात."

पाचव्या शनिवारी 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं. कधी आलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. रूडीने तिला आपल्या आजीबद्दल सांगितलं. आजी चेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्यात एकटी राहत होती, आणि तो तिला दर महिन्याला कॉफी आणि लोकरी मोजे पाठवायचा. "तिकडे कॉफी मिळत नाही," तो म्हणाला. "आणि माझी आजी कॉफीशिवाय देवाचंही ऐकत नाही." आर्डिस हसली. हा आपल्याला आवडतो, फार आवडतो, हे तिला त्या दिवशी पक्कं कळलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात तो राखाडी टोपीवाला माणूस आला.

आर्डिस दातांच्या डॉक्टरांकडे रुग्णांच्या वेळा लावायचं काम करी. माणूस अगदी सभ्य. टोपी काढून बसला. रूडी कुबातला कारखान्यातल्या अधिक गुप्त कामाचा सरकारी परवाना द्यायचा आहे, म्हणून चार ओळखीच्यांकडे विचारपूस करतोय, असं म्हणाला. "नेहमीचीच बाब आहे. माणूस कसा वाटतो तुम्हाला?"

प्रेमात पडलेल्या मुलीला कुणी एवढं विचारायचा अवकाश. आर्डिसच्या तोंडाला जणू कुलूपच उरलं नाही. रूडी किती हुशार, किती मायाळू, बोलणं किती मिश्कील. आणि आजीवर किती जीव. महिना चुकत नाही, पत्र, कॉफी, मोजे. आजीची पत्रंसुद्धा तो जपून ठेवतो, तिच्या भाषेत उत्तरं लिहितो. माणसाने वहीत लिहून घेतलं. खेड्याचं नाव कसं लिहायचं ते विचारलं, तेही तिने सांगितलं. जाताना त्याने आभार मानले, तेव्हा आपण रूडीचं केवढं भलं केलं म्हणून ती दिवसभर गुणगुणत होती.

तीन आठवड्यांनी रूडीला कारखान्याच्या फाटकावरच थांबवण्यात आलं; चौकशी होईपर्यंत काम बंद.

त्या शनिवारी त्याने खोपटात खिशातून आरोपांचा कागद काढला आणि मोठ्याने वाचला. "तिसरं कलम ऐक. 'शत्रुगोटातील देशातील व्यक्तीशी नियमित पत्रव्यवहार, परकीय भाषेत. कॉफी व लोकरी मोजे यांची दरमहा पाठवणी.' मोजेसुद्धा, आर्डिस. कुणी सांगितलं असेल यांना? घरमालकीण? तिला तर मला आजी आहे हेही ठाऊक नाही."

आर्डिस दुर्बिणीतून बघत राहिली. दुर्बीण खाली केली असती तर तोंड दिसलं असतं. आपलीच वाक्यं होती ती, एकेक ओळखीची. मी, असं तिने म्हणायला हवं होतं. एका अक्षराचं काम. ते झालं नाही.

त्याहून वाईट तिने पुढच्या सोमवारी केलं. गावात कुजबुज सुरू झाली होती. आई स्वयंपाकघरात बटाटे सोलत म्हणाली, "आपल्या घरातलं एक माणूस त्या लाल कम्युनिस्टांनी नेलं. आता तू असल्या माणसाशेजारी बसणार? लोकांना तोंड कसं दाखवायचं मी?" आर्डिसने आपली पाळी बुधवारवर घेतली. कारण म्हणून दवाखान्यातलं काम सांगितलं. शनिवारी दोन वाजता ती घरीच असे, आणि डेअरीच्या दिशेची खिडकी टाळून बसे. अशा चार शनिवारांत तिला स्वतःची इतकी लाज वाटली की आरशात केस विंचरणंही नको झालं.

पाचव्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, रूडीच दवाखान्यात आला. बाहेर बर्फ पडत होतं. त्याच्या खांद्यांवरही होतं, ते झटकायचं त्याला सुचलं नव्हतं.

"पाळी का बदललीस ते विचारायला नाही आलो," तो म्हणाला. "आईंनी सांगितलं असणार. तुमच्या घरात जे झालंय त्यानंतर… मी समजू शकतो."

तो तिची कड घेत होता. आर्डिसला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

"मिनिआपोलिसला सुनावणी आहे, पंधरा जानेवारीला. मला चांगलं ओळखणारी दोन माणसं आणायला सांगितलीत. पाद्री येणारेत. दुसरं कुणी… तू येशील? एवढंच सांगायचं, की मी माणूस बरा आहे."

"ते मी एकदा सांगितलंय," ती म्हणाली.

"कुणाला?"

"राखाडी टोपीवाल्याला. आजी, कॉफी, मोजे, सगळं. तिसरं कलम माझं आहे, रूडी. मी… मी तुझं कौतुक करत होते."

खुर्चीवर बसायला म्हणून तो वळला, पण बसला नाही. मग एकाएकी हसला. त्या हसण्यात मिश्कीलपणाचा अंशही नव्हता.

"खेड्याचं नावही तूच सांगितलंस?"

"हो."

"आणि मी तो कागद वाचला तेव्हा…?"

"तेव्हा मी भ्याले. पाळीही भिऊनच बदलली. आई नुसतं निमित्त होती."

"पहिलं मी विसरेन एखाद वेळेस," तो सावकाश म्हणाला. "ते तुम्ही चांगल्या मनाने केलंत. पण चार शनिवार मी त्या बाकावर बसून तुमच्या बाजूने विचार करत होतो, मिस लुंड. ते कसं विसरू?"

त्याने टोपी घातली आणि तो गेला. येऊ नका असं मात्र तो म्हणाला नव्हता. आर्डिसने तेवढंच धरून ठेवलं.

पंधरा जानेवारीला लांबलचक टेबलामागे तिघेजण बसले होते. रूडी बाजूच्या खुर्चीत. आर्डिस आत आली तेव्हा त्याने मान वर केली, आणि पुन्हा कागदात घातली.

"तिसऱ्या कलमाबद्दल मला सांगायचंय," ती म्हणाली.

"मिस लुंड," मधले गृहस्थ म्हणाले, "ती माहिती कुणी दिली हे इथे उघड करता येत नाही."

"तुम्ही नका करू. मी करते. मी दिली." ती टेबलाजवळ सरकली. "मी सांगितलं होतं की हा माणूस आजीवर जीव टाकतो. तुम्ही आजी ठेवलीत आणि जीव काढून टाकलात. आणि मग मी गप्प बसले. गावात मला नावं ठेवतील म्हणून. माझा भाऊ ज्यासाठी मेला, त्यात त्याचंच मरण पुढे करून गप्प बसणं येत नसावं. मला माझी लाज वाटते. तुम्हाला वाटते की नाही, ते मला ठाऊक नाही."

साक्ष टिपून घेणाऱ्या बाईचं बोट यंत्रावर थबकलं. मधल्या गृहस्थांनी घसा साफ केला. "श्री. कुबात यांच्याशी आपलं नातं काय?"

"माझं त्याच्यावर प्रेम आहे," आर्डिस म्हणाली. "त्याचं काय ते त्याला विचारा. पण… आज नको."

निकाल तीन आठवड्यांनी आला, आणि तो रूडीच्या विरुद्ध गेला. पुढे तो धान्याच्या कोठारांचे आराखडे काढू लागला. पण त्या दुपारी हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दुपारी तो पायऱ्यांवर तिची वाट बघत उभा होता, गळपट्ट्यात हनुवटी खुपसून.

"मी अजून रागावलेलो आहे," तो म्हणाला.

"हो."

"साक्ष दिलीस म्हणून राग जाणार नाही."

"त्यासाठी दिली नाही."

"आईंना काय सांगणारेस?"

"सकाळीच सांगून निघालेय. ती बोलत नाहीये माझ्याशी."

तो एक पायरी उतरला. मग म्हणाला, "चल. भूक लागलीय. रागात असलो की मला एकट्याला जेवण जात नाही."

कोपऱ्यावरच्या खाणावळीत दोघं शेजारीशेजारी बसली. वाटाण्याचं गरम सूप आलं. आर्डिसला चमचा उचलवेना. इतके दिवस आवरलेलं रडू आता, नको त्या वेळी, डोळ्यांतून उतरू लागलं. रूडीने आपला हातरुमाल तिच्यापुढे सरकवला. हात मात्र लगेच मागे घेतला नाही.

"त्या टोपीवाल्याला आणखी काय काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"सगळं चांगलंच होतं रे," ती कशीबशी म्हणाली.

"मग सांग ना. मलाही ऐकू दे." त्याने तिच्याकडे पाहिलं. "मी लिहून घेणार नाही."