मोकळा रकाना

हे खरं आहे. खोटं रचायला शिक्षण लागतं, आणि मी दुसरीतून उठून मागावर बसलेली बाई.

गाव सिरसिल्ला. मार्कंडेयाच्या देवळाचं आवार. पेत्तर अमावस्या, म्हणजे सर्वपित्री.

भुतं रात्रीची येतात म्हणे. हे भर दुपारी घडलं.

त्या दिवशी आमच्यात पितरांच्या नावाने पंतुलूंना, म्हणजे भटजींना, शिधा देतात. सगळे माग बंद. एरवी खडखडाटाने कान किटवणारं गाव... मुकं होतं.

माझी सुगुणा सासरी रंगाच्या उकळत्या कढईत पडून गेली. "पाय घसरला," असं जावई म्हणाला. नागभूषणम त्याचं नाव. वर्षाच्या आत दुसरी आणली. सुगुणाच्या नावाने मूठभर तांदूळ मात्र सुटले नाहीत त्याच्या हातून. लग्न झालेल्या लेकीचा शिधा सासरनेच द्यायचा. माहेरचा चालत नाही.

म्हणून देवळाच्या यादीत मी हट्टाने तिची ओळ घालायला लावली. रकाने चार. देणारा, मृत, जोडीदार, आई. देणाऱ्याचा रकाना मोकळा सोडा म्हटलं. दिसू दे गावाला.

अख्ख्या यादीत तेवढीच एक मोकळी जागा.

त्या वर्षी देवळाने नावं पुकारणारं यंत्र आणलं. ते पहिल्या दोन रकान्यांतली नावं भोंग्यावर वाचायचं. जुन्या फाईलमध्ये रकान्यांच्या मधे नुसती टॅबची जागा होती, यंत्राला हवे होते स्वल्पविराम. माझा मुलगा भूमेश कॉम्प्युटरवाला. त्याने फाईल बदलून दिली.

नावं सुरू झाली. आणि मग...

"देणार, सुगुणा. मृत, नागभूषणम."

नागभूषणम दुसऱ्या बायकोसकट समोरच उभा. पांढरंशुभ्र धोतर नेसून.

"अरे, मेलेला माणूस पान खातोय बघा!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

"अत्तम्मा, हे तुमचंच काम!" जावई माझ्यावर धावून आला.

"तुझं नाव तोंडात घ्यायला मी काय तोंड धुवायला विसरले होते?"

भूमेशने फाईल उघडली. "अम्मा, चूक माझी. ओळीच्या सुरुवातीची जागा फालतू समजून छाटली गेली. सगळी नावं एकेक घर डावीकडे सरकली."

"फालतू? बहीण होती ती तुझी."

मला कळलं बरोबर. मागाच्या फणीतलं एक घर चुकलं की पुढचा सगळा उभ्या धाग्यांचा ताणा सरकतो. नक्षी बिघडते. त्याने ओळीच्या आधी एक स्वल्पविराम टाकला. मोकळी जागा पुन्हा मोकळी झाली.

पुन्हा यंत्र लावलं.

भोंग्यातून आधी किरकिर आली... कांड्या भरायच्या चरख्याची. तीन फेरे, मग थांबा. तीन फेरे, मग थांबा.

सुगुणा अशीच भरायची.

"देणार, सुगुणा. मृत, नागभूषणम."

कोणी हसलं नाही.

भूमेशने ती ओळच पुसली. यंत्र तरी तिथे येऊन थांबलं... किरकिरलं... आणि तेच बोललं.

मी वायर उपटली.

तेव्हा पंतुलू मला म्हणाले, "लच्चव्वा, हा शिधा कुणाचा?"

पायरीवर सूप होतं. तांदूळ, डाळ, चिंच, दोडका. सुपाच्या कडेला निळ्या रंगाची बोटं उमटलेली. ओली.

गावातल्या सगळ्या रंगाच्या भट्ट्या दोन दिवस बंद होत्या.

नागभूषणमने माझे पाय धरले. "अत्तम्मा, परत घ्या तो."

"मी ठेवला असता तर घेतला असता."

समोर ठेवलेला शिधा नाकारता येत नाही. पंतुलूंनी डोळे मिटून तो उचलला.

संध्याकाळी आम्ही बायका बतुकम्मा देवीचे फुलांचे मनोरे घेऊन निघालो, तेव्हा त्याच्या घरून आरोळी आली. रंगाच्या कढईपाशी पडला होता. कढई गार. खाली राखसुद्धा थंड.

हात मात्र कोपरापर्यंत भाजलेले.

डॉक्टरने हृदय बंद पडलं असं लिहिलं. हातांबद्दल काही लिहिलं नाही. माझ्या लेकीच्या वेळीही त्याने असंच नेमकं लिहिलं होतं.

आता त्याचा शिधा दुसरी बायको दरवर्षी देते, वाजतगाजत. सुगुणाची ओळ भूमेशने परत घातली. तिचा देणारा अजून कोणी नाही. तिने त्याला दिला, तिला कोण देणार?

यंदा देवळाने नवीन यंत्र घेतलंय. भूमेश म्हणतो, अम्मा, फाईल पुन्हा बदलावी लागेल.

मी नको म्हटलं. मला कसली भीती? मी तिची आई आहे.

पण काल माग थांबल्यावर मागच्या खोलीत चरखा किरकिरला... तीन फेरे.

आणि तिच्या ओळीतली नावं आणखी एक घर सरकली, तर मृताच्या रकान्यात नवऱ्यानंतर येणारं नाव माझं आहे.