पट्टीची दुसरी सकाळ

"माफीनाम्यावर मी सही करणार नाही," श्रुती म्हणाली आणि तिने कागद शैलजाताईंच्या टेबलावर ठेवला.

सायली गावातल्या सुगंधी तेलाच्या कारखान्यात श्रुतीचे वडील सदाशिव चंदनतेलाची पारख करत. सात नंबरच्या ड्रममध्ये भेसळ निघाली. तो सदाशिवनीच पास केला, असा ठपका आला. त्या धक्क्याने आठवड्यात ते वारले. आता कारखान्याला मुलीकडून लेखी कबुली हवी होती.

शैलजाताई सिल्वासात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. आता खासगी तपास करत. सोबत भाचा हर्षल.

कारखान्यात मॅनेजर रमाकांतने राखून ठेवलेल्या नमुन्याची बाटली पुढे केली. लेबलवर होतं : ड्रम ७, आवक १२ मार्च. खाली सदाशिवची सही, १२ मार्च.

"नमुन्यांच्या कपाटाच्या चाव्या?" ताईंनी विचारलं.

"माझ्याकडे, आणि ड्रम भरणाऱ्या केसरबाईकडे."

"सदाशिव तपासत कसे?"

"कागदाची पट्टी तेलात बुडवायची, हुंगायची, पाच मिनिटांत सही. नाकाचं काम!"

ताईंनी पट्टी बुडवली. हर्षलने हुंगली. "मावशी, काय घमघमाट! हे तर अस्सल वाटतं."

"चंदन असं ओरडत नाही रे." ताईंनी पट्टी पाकिटात ठेवली.

केसरबाई फाटकापाशी भेटली. "मॅडम, सदाभाऊ पट्टी आज बुडवत, सही उद्या करत. मी चिडवायची, भाऊ, चंदन रातभरात पळून जातं का? म्हणत, खोटं असेल तर पळेलच."

श्रुतीने वडिलांचा पट्ट्यांचा डबा शोधला. एका पट्टीवर त्यांच्या अक्षरात होतं : ड्रम ७, १२ मार्च. सही १३ला.

दुसऱ्या सकाळी सगळे रमाकांतच्या केबिनमध्ये जमले.

"ही सदाशिवची पट्टी, महिन्यापूर्वीची. हुंग, हर्षल."

"अजून चंदन!"

"चंदनतेलात अल्फा-सँटालॉल सर्वांत जास्त, ओळखीचा गंध मुख्यतः बीटा-सँटालॉलचा. दोन्ही सावकाश उडतात. खरं तेल हळू बोलतं, पण टिकतं. कालची पट्टी मात्र मेली, तेलकट डाग तेवढा उरला. सदाशिवनी तपासलं ते तेल शुद्ध होतं. भेसळ नंतर झाली आणि बाटलीही नंतर बदलली."

"केसरबाईने!" रमाकांत उसळला.

"लेबलवरची खोटी सही तिने केली असती तर तेरा तारीख घातली असती. बारा तोच घालेल, ज्याला पारख पाच मिनिटांची वाटते. आणि चाव्या दोघांकडेच आहेत."

ताईंनी बाटली पिशवीत घातली. रमाकांतने केबिनचं दार लावून घेतलं. मग श्रुतीला म्हणाला, "काय पाहिजे तुला?"

तिने सोबत आणलेला माफीनामा उलटा केला आणि कोरी बाजू त्याच्यापुढे सरकवली.

"खरं काय झालं ते लिहा. आज फक्त लिहा; सही उद्या. आमच्या घरात घाईने सही करत नाहीत."