दुसऱ्या फेरीत वाजवणारी

हरमॅटनचे दिवस होते. उत्तरेकडून पिठासारखी धूळ घेऊन वारा येतो तेव्हा आमच्या सेकंडी बंदराचा समुद्रसुद्धा ताकासारखा फिकट दिसायला लागतो. ओठ फुटतात, घसे बसतात, कीबोर्डच्या पट्ट्या दिवसातून दोनदा पुसाव्या लागतात. अशाच एका गुरुवारी मी चॅपेलच्या मागच्या पायरीवर बसले होते... कानात इयरफोन, मांडीवर वही, हातात फोन. म्हणून पावलांचा आवाज आलाच नाही. आधी दिसले ते बूट, धुळीने पांढरे झालेले. मग खांद्यावरची गिटारची लांबलचक पिशवी. मग तो.

"कॉयरची प्रॅक्टिस इथंच ना?"

मी फोन झटकन उलटा केला.

"अरे बापरे," तो हसला. "एवढ्या घाईनं लपवलंस, म्हणजे नक्की कुणीतरी आहे त्यात."

"कुणी नाहीये."

"ज्यांचं असतं त्या सगळ्या असंच म्हणतात."

"आणि तुम्ही कोण? पोलीस?"

"बेस गिटार. नाव एबो. जन्म मंगळवारचा."

हसायचं नाही असं ठरवलं होतं मी. पण... "अराबा," मी म्हणाले. "मीही मंगळवारचीच."

"मग आपलं नाव एकच झालं की! मुलाचं एबो, मुलीचं अराबा. हाक एकानं मारली तरी दोघांनी वळायचं."

तो आत गेला. मी फोन हळूच सुलटा केला. पडद्यावर अक्षरं तशीच सरकत होती... गाण्याची पट्टी, खाली एकामागून एक कॉर्ड. माझ्या छातीत मात्र धडधड चालू होती, आणि ती त्याच्या हसण्याने होती की भीतीने, हे मला सांगता आलं नसतं.

भीतीचं आधी सांगते.

आमच्या फान्टी लोकांत घर, शेत, मान... सगळं मामाकडून भाच्याकडे येतं. माझे मामा या चॅपेलमध्ये एकतीस वर्षं ऑर्गन वाजवत होते. कुणी कुठेही सूर लावला, की दुसऱ्या श्वासाला मामांची बोटं त्या पट्टीत. ते गेले, आणि चाळीस दिवसांनी कॉयरमास्टर मिस्टर बैडू आमच्या दारात उभे. "अराबा, मामांची जागा तुझी. कान रक्तातून येतो."

मला कुणी विचारलंच नाही की आला का.

नव्हता आला. मामांनी मला कॉर्ड शिकवले होते, हात बसवला होता, पण गाणं कुठल्या पट्टीत आहे ते मला ऐकून कधीच कळलं नाही. हात चालतो तो एकाच पट्टीत, पांढरी एक. बाकीच्यांसाठी पट्टी वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोझचं बटण आहे. सेकंडीतले निम्मे वाजवणारे तसंच करतात, त्यात लाज नाही. लाज ही, की बटण कुठल्या आकड्यावर न्यायचं ते मला कळत नाही. मग मी फोनवर पट्टी ओळखणारं एक सॉफ्टवेअर घेतलं. गुरुवारची प्रॅक्टिस रेकॉर्ड करायची, त्याला ऐकवायची, आणि ते सांगेल ती पट्टी, ते कॉर्ड वहीत उतरवायचे. रविवारी वाजवायचे.

भजनं अशी निभली. उरल्या मामे एसाबा.

मामे म्हणजे आमच्यात आई, आणि मामे एसाबा म्हणजे सगळ्या चॅपेलची आई. सत्तरी ओलांडलेली, डोक्याला पांढरा रुमाल, पहिल्या बाकावरची कडेची जागा. प्रवचन ऐन रंगात आलं की त्या मध्येच उठून गाणं उचलतात. जे ऐकलं त्यावर तिथल्या तिथे रचलेलं, मनाला येईल त्या पट्टीत. पाद्रीबाबासुद्धा थांबतात. पहिली फेरी नुसता गळा आणि टाळ्या, वाद्यांनी शिरायचं ते दुसऱ्या फेरीत. हीच रीत माझा जीव वाचवायची. पहिल्या फेरीत फोन स्टँडवर उभा, गुपचूप रेकॉर्ड करत असायचा. वीस-पंचवीस सेकंदांत पडद्यावर पट्टी उमटायची... काळी दोन, पांढरी चार... माझा अंगठा बटणावर, आणि दुसऱ्या फेरीला मी बरोबर हजर.

लोक म्हणायचे, "मामांचाच कान!"

आणि एबो तर काय म्हणाला माहीत आहे? तिसऱ्या रविवारी, चॅपेलबाहेर मक्याच्या पिठाची केन्की आणि तळलेली मासळी खाताना, बोटं चाटत चाटत म्हणाला, "तुझ्यासारखं वाजवणारं मी कुठं पाहिलं नाही."

"पुरे."

"खरंच. बाकीचे सूर शोधत कीबोर्डभर बोटं आपटत फिरतात. कोंबडी दाणे टिपते ना, तसे. तू हात मांडीवर ठेवून बसतेस. ऐकतेस. आणि मग एकदाच, बरोब्बर..." त्याने हवेत एक कॉर्ड दाबला. "मी त्या क्षणाची वाट बघत असतो, अराबा. आठवडाभर."

मी हातातली मासळी खाली ठेवली. इतकं गोड कुणी माझ्याशी बोललं नव्हतं... आणि ते माझ्याबद्दल नव्हतंच.

पुढचे दोन महिने मी सुखात होते आणि भीतीत होते, आणि दोन्ही एकाच वेळी. तो माझ्या उजवीकडे उभा राहायचा. म्हणून मी फोन डावीकडे सरकवला. तो वाकून काही सांगायला आला की मी पडदा विझवायची. त्याच्या शर्टाला नारळाच्या तेलाचा आणि उन्हाचा वास यायचा, आणि मला दर वेळी एकच वाटायचं... दिसला. आत्ता दिसला त्याला.

"काय पाठवतो तो एवढं?" एकदा त्याने विचारलंच. चेहऱ्यावर हसू होतं, डोळ्यांत नव्हतं.

"कोण?"

"फोनमधला. गाणं सुरू झालं की तुझी नजर तिकडे. ऑर्गनवालीला प्रार्थनेच्या वेळीच निरोप पाठवतो म्हणजे वाह्यातच दिसतोय."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण खरं काय होतं? मी म्हणाले, "तुला काय करायचंय?"

"मला काय... काही नाही," तो म्हणाला आणि गिटारची तार उगाचच पिळत बसला.

त्याला खोट्या माणसाचा मत्सर वाटू दिला मी. खरी गोष्ट कळण्यापेक्षा ते बरं वाटलं. माणूस किती हलका होतो ना भीतीने.

फेब्रुवारीत चॅपेलचा वर्धापनदिन होता. आदल्या गुरुवारी प्रॅक्टिस संपल्यावर एबो दाराशी रेंगाळला.

"रविवारी माझी आई येतेय, एल्मिनाहून. तुला दाखवायचंय तिला."

"मला?"

"तुझा कान."

"नुसता कान?"

"कानाबरोबर बाकीची येशीलच ना?" तो म्हणाला, आणि एकदम लाजून खाली बघायला लागला. "आणि... त्या फोनवाल्याचं काय ते तू ठरव. रविवारपर्यंत. मी जास्त दिवस असा उभा नाही राहू शकत, अराबा."

ते तीन दिवस मी जुनी रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा फोनला ऐकवत काढले.

रविवारी चॅपेल गच्च भरलं होतं, वर्धापनदिनाला बिशपसाहेबही आले होते. तिसऱ्या बाकावर निळ्या कापडातली एक उंच बाई बसली होती. एबोचंच कपाळ. ती माझ्याकडे बघून मान हलवून हसली. मी परत हसले की नाही, आठवत नाही.

प्रवचन पेत्राचं होतं. वादळात होडीतून उतरून पाण्यावर चालायला गेलेला पेत्र, आणि बुडायला लागलेला. पाद्रीबाबांनी 'बुडू लागला' म्हटलं मात्र, मामे एसाबा उठल्या. काठीवर एक हात, दुसरा छातीवर.

"पाण्यावर पाय टाकला, मला पोहता येईना...
हात दे रे माझ्या धन्या, लाट उसंत देईना..."

मी फोनचं बटण दाबलं. टाळ्या सुरू झाल्या. पडद्यावर उमटलं... पांढरी चार. माझा अंगठा निघाला. तेवढ्यात ते पुसलं, काळी तीन झालं. पुन्हा पांढरी चार. पुन्हा काळी तीन. मग नुसतंच एक गोल गोल फिरणारं चक्र.

दोन महिन्यांच्या धुळीने मामे एसाबांचा गळा खरवडून निघाला होता. सूर दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी लागला होता, आणि ओळीगणिक वर सरकत होता. फोन बिचारा पाठलाग करत होता आणि हरत होता.

पहिली फेरी संपत आली. बायकांनी ओळ उचलली... "हात दे रे माझ्या धन्या..." मिस्टर बैडूंनी माझ्याकडे वळून हात वर केला. तिसऱ्या बाकावरची निळी बाई पुढे झुकली. आणि उजवीकडे एबो. तारांवर बोटं ठेवून तयार, डोळे माझ्यावर. तो त्याचा क्षण होता. आठवडाभर ज्याची वाट बघायचा तो.

अंदाजाने दाबावं? लागला तर लागला. नाही लागला तर चारशे माणसांच्या गळ्यात काच फुटल्यासारखा आवाज होईल... मला घाम फुटला. हरमॅटनमध्ये घाम! आणि समोर ती म्हातारी उघड्या तोंडाने, सगळ्या गावासमोर गात होती की मला पोहता येत नाही. तिला त्याची काही लाज नव्हती.

मी पट्ट्यांवरचे हात काढले. एबोच्या कानाशी वाकले.

"मला ऐकू येत नाही."

"काय?"

"पट्टी! मला कळत नाही. कधीच कळली नाही. हा फोन सांगतो." मी तो त्याच्यासमोर धरला. "आज त्यालाही कळत नाहीये."

एबोने पडद्याकडे पाहिलं. अक्षरं अजून धडपडत होती. मग माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मिटलं. त्याने तारांवरची बोटं उचलली, गिटार पाठीवर टाकली, आणि माझ्याकडे न बघता टाळी धरली.

मीही धरली. दुसरी फेरी, तिसरी, पाचवी... वाद्यांशिवाय. तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता, आणि तो गाण्यासाठी थांबलाय की मला सोडून गेलाय, हे मला टाळीगणिक कळत नव्हतं.

प्रार्थना संपली तेव्हा मिस्टर बैडू डोळे पुसत आले. "काय कान आहे पोरी! सूर फटीत होता. वाद्य शिरलं असतं तर गाणं मेलं असतं. मामांनी हेच केलं असतं."

मी वळून पाहिलं. एबो नव्हता. निळी बाईही नव्हती.

मी मिस्टर बैडूंना म्हणाले, "मास्टर, गुरुवारी मला तुमच्याशी बोलायचंय."

मग मी चालत सुटले. स्टेशनच्या रस्त्याने, मासळीवाल्यांमधून, बंदराच्या भिंतीपर्यंत. ऊन धुळीतून गाळून पडत होतं. होड्यांवर रविवारची सामसूम. तो भिंतीवर बसला होता, बूट काढून शेजारी ठेवलेले.

"आईला ट्रोट्रोच्या गाडीत बसवून आलो," तो म्हणाला. वळला नाही. "ती म्हणाली, मुलगी शहाणी आहे, कधी थांबायचं ते कळतं तिला."

"तू सांगितलंस तिला?"

"नाही. ते तू सांगायचंस."

मी उभीच राहिले. बसायला सांगितलं नव्हतं त्याने.

"म्हणजे फोनमध्ये कुणी नव्हतं," तो म्हणाला.

"सॉफ्टवेअर होतं."

"आणि मी मेला दोन महिने त्या माणसाचं नाव-गाव शोधत होतो. कॉयरमधल्या प्रत्येक पुरुषावर संशय घेतला मी. मिस्टर बैडूंवरसुद्धा!"

हसू यायला हवं होतं. मला रडू आलं. "एबो, तुला माझा कान आवडला होता. तो नाहीये. तू जा. मी... मी समजून घेईन."

"गप्प बस जरा." पहिल्यांदाच तो चिडला. "राग आलाय मला. येऊ दे की. रोज शेजारी उभा होतो मी. विचारलं असतंस तर पट्टी मी सांगितली असती... बोटांनी, खुणेनं. एवढं काय अवघड होतं?"

"मग तू कुणाची वाट बघितली असतीस? आठवडाभर?"

समुद्र धुळीत मिसळून गेला होता, पाणी कुठे संपतं ते दिसत नव्हतं.

"आज तू खाली वाकलीस ना," तो अखेर म्हणाला, "आई समोर, बिशपसाहेब समोर, सगळं गाव समोर... मला वाटलं, ही आता बेशुद्ध पडते. तुझे ओठ पांढरे पडले होते. आणि तरी तू बोललीस." तो थांबला. "कान नाहीये, ते कळलं. त्याचं मला वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. पण मी मघापासून इथे बसलोय, अराबा, आणि कुठलंच गाणं आठवत नाहीये मला. तुझे पांढरे पडलेले ओठच आठवतायत."

त्याने बूट उचलून पलीकडे ठेवले. मी बसले. दोघांच्या मध्ये वीतभर भिंत होती.

"ऐक," तो म्हणाला आणि एक सूर गुणगुणला. लांब, खालचा. "कुठली पट्टी?"

"एबो, नको ना."

"सांग."

"...पांढरी पाच?"

"चूक."

त्याने पुन्हा गुणगुणलं. मी डोळे मिटले. अंधारात काहीच नव्हतं, नुसता त्याचा आवाज होता, थोडा धुळीने खरखरलेला. "काळी एक."

"साफ चूक," तो म्हणाला, आणि त्याचा हात वीतभर भिंत ओलांडून माझ्या हातावर आला. "पुन्हा."

मी पुन्हा चुकले. आणि पुन्हा. आणि भीती... ती गेली नव्हती. तळहातात अजून थरथरत होती. फक्त आता ती दोन हातांच्या मध्ये होती.