सहा फूट एक इंच

"फ्लशिंगचं एक द्या. जाऊन-येऊन."

खिडकीच्या काठावर आधी रंगानं बरबटलेली चार बोटं आली, मग ओले कुरळे केस आणि मग दोन डोळे… राखाडी, खट्याळ. बाहेर पाऊस भुरभुरत होता, आणि तो टाचा उंचावून माझ्याकडे बघत होता.

"परत कधी येणार?" मी विचारलं.

"तुम्ही बोलवाल तेव्हा."

"तिकीट फक्त आजच्या दिवसाचं असतं."

"मग पाचच्या आत बोलवा!"

हसायचं नव्हतं मला… पण हसले.

तो डेन्झिल ट्रेविन. होड्यांवर नावं रंगवायचा. पाण्यापलीकडे फ्लशिंगच्या होडी-कारखान्यात त्याला काम मिळालं होतं, त्यामुळे रोज सकाळी तो माझ्या खिडकीशी. आणि मी मोर्वेना पास्को, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, फालमथच्या धक्क्यावर फेरीबोटीची तिकिटं देणारी. ही नोकरी मला फार आवडायची. का, ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. दिवसभर बसून राहता यायचं! खिडकीतून नुसता चेहरा दिसतो. उभी राहिले की मी सहा फूट एक इंच.

आमच्याकडे तोंडावर कुणी बोलत नाही. आपापसात बोलतात… फक्त तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. बसच्या रांगेत मागून, "झालं, आता पुढचं काही दिसायचं नाही." चपलांच्या दुकानात, "हिच्या मापाच्या होड्या धक्क्यावर मिळतील." सिनेमाला मागच्या खुर्चीवरून एक लांबलचक सुस्कारा. आणि यावर 'सॉरी' म्हणायचं आपण! चौदाव्या वर्षापासून मी पाठीत वाकून सॉरी म्हणत आले होते.

डेन्झिल जेमतेम माझ्या खांद्याला लागला असता. पहिल्याच दिवशी अंदाज घेतला होता मी. म्हणून तीन आठवडे तो खिडकीतून थट्टा करत राहिला, मी आतून उत्तरं देत राहिले. संध्याकाळी तो धक्क्यावरून दिसेनासा होईपर्यंत मी उगाचच खण आवरत बसायची.

मग एका संध्याकाळी वारं सुटलं. खिडकीची बाहेरची झडप वरच अडकली. डेन्झिल मदतीला धावला. एक उडी मारली, दोन मारल्या… हात पुरेना.

"थांब!" माझ्या तोंडून निघून गेलं. मी बाहेर आले आणि एका हातानं झडप खाली ओढली.

बोटीच्या रांगेतली एक बाई मैत्रिणीला म्हणाली, "अगंबाई, हिला आत घडी करून ठेवतात की काय!"

माझे कान तापले. डेन्झिलनं मान हळूहळू वर केली, डोलकाठीकडे बघावं तशी.

"तीन आठवडे… तीन आठवडे हे लपवलंस माझ्यापासून?"

"चिडलास?"

"चिडणारच! एवढं सगळं, आणि मला आज बघायला मिळतंय." मग घसा खाकरून म्हणाला, "भूक लागलीय? कोपऱ्यावर गरमागरम पेस्टी मिळते, खिमा-बटाटा भरलेली."

तेव्हापासून आम्ही बरोबर फिरायला लागलो, आणि शेरे दुप्पट झाले. बसमध्ये एक म्हातारा म्हणाला, "याला अर्धं तिकीट पडत असेल, नाही?"

"हो आजोबा," डेन्झिल म्हणाला, "उरलेला अर्धा हिच्या प्रेमात गेला ना!"

सगळी बस हसली. मी खिडकीबाहेर बघत बसले.

मग तो शनिवार. धक्क्यावरून हातात हात घालून चाललो होतो. सुट्टीवर आलेल्या पोरींचा एक घोळका समोरून आला. एक जण म्हणाली, "किती गोड! आईबरोबर फिरायला आलाय!"

खिदळणं… आणि माझा हात त्याच्या हातातून निसटला. नाही, मीच काढून घेतला. वर, कुणी विचारलं नसताना बोलले, "आम्ही नुसते ओळखीचे आहोत."

वळणावर तो थांबला.

"ती परकी माणसं आहेत, वेना. त्यांचं मला काही वाटत नाही… पण हे तू बोललीस."

सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. पुढच्या सोमवारी फेरीबोटीचा म्हातारा कप्तान जोरी माझ्या खिडकीशी टेकला.

"तुझा रंगारी हल्ली बसनं जातो. पाण्यावरून दहा मिनिटं, बसनं तास. माणूस एवढा वळसा उगाच घालत नाही, राणी."

आमच्या कॉर्नवॉलात मासेवालासुद्धा सगळ्यांना राणीच म्हणतो. तरी त्या दिवशी माझे डोळे भरून आले.

त्या शनिवारी होड्यांच्या शर्यती होत्या. मी रजा टाकली. वाटेत लाल चपला घेतल्या, चार बोटं टाचांच्या. आयुष्यातल्या पहिल्या.

"अजून उंच व्हायचंय?" दुकानातली मुलगी म्हणाली.

"हो. बांधू नका, घालूनच जाते."

धक्का माणसांनी फुलला होता. सात शेरे मी मोजले, मग मोजणं सोडून दिलं. डेन्झिल एका पांढऱ्या होडीपाशी गुडघ्यावर बसून शेवटचं अक्षर रंगवत होता. त्यानं आधी माझ्या चपला पाहिल्या, मग मला. उठून उभा राहिला.

"पाय दुखतील."

"दुखतायत." मी हात पुढे केला.

त्यानं आपला हात पँटला पुसला… आणि माझा धरला.

तेवढ्यात आइस्क्रीम खाणारा एक लालबुंद गृहस्थ बायकोला म्हणाला, पण वीस जणांना ऐकू जाईल असं, "बघ गं, खांबाला शेळी बांधलीय!"

हशा पिकला. आणि डेन्झिलची बोटं सैल झाली. तो हात सोडत होता… माझ्यासाठी! मला लाज वाटू नये म्हणून!

मी त्याचा हात घट्ट आवळला आणि वळले. पाठ सरळ केली. पूर्ण.

"खांबच आहे मी, साहेब." आवाज खणखणीत निघाला. "अठ्ठावीस वर्षं नुसती उभी होते, दिवा यानं लावला. याचं नाव डेन्झिल ट्रेविन. माझं प्रेम आहे याच्यावर. आणि तुमचं आइस्क्रीम गळतंय."

पहिली हसली ती त्या गृहस्थाची बायकोच! मग टाळ्या, शिट्ट्या. जोरीनं बोटीचा भोंगा वाजवला. गृहस्थ मनगट पुसत मागे सरकला.

मी डेन्झिलकडे झुकले, तर त्यानं मला अडवलं.

"वाकायचं नाही. थांब."

त्यानं मासळीचं एक रिकामं खोकं पालथं घातलं आणि वर चढला. अजून बरीच कमी पडत होती उंची.

"काढू का चपला?"

"खबरदार!"

मग त्या गृहस्थाच्या बायकोनंच पायानं दुसरं खोकं पुढे ढकललं, आणि डेन्झिल माझ्या समोरासमोर आला, पहिल्यांदाच. मासळीचा वास, ओल्या रंगाचा वास, आणि त्याचा श्वास…

"मोर्वेना पास्को," तो हळूच म्हणाला, "इथून फार सुंदर दिसतं गं."

"समुद्र?"

"समुद्राकडे कोण बघतंय?"

आणि त्यानं अख्ख्या फालमथदेखत माझं चुंबन घेतलं.